पोरकी शिळा

खाणीतल्या लोकांनी त्याला ‘पालथे’ हे नाव ठेवलं ते चेष्टेनं. त्यानं मात्र ते आडनावासारखं मिरवलं. इतकं, की पुढे टपालवालासुद्धा गेटवर येऊन ‘पालथे कुठे बसतात?’ असं विचारायचा आणि हा छाती काढून ‘आम्हीच ते’ म्हणायचा.

नावाचं कारण साधं होतं. खाण चुनखडीची होती, आणि त्या चुनखडीत दगड कमी नि शिंपले जास्त. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, पण दगड फोडला की शिंपलाच बाहेर. करवतीनं शिळा उभी कापली की कापलेल्या अंगावर बारीक कमानी दिसायच्या, दाटीवाटीनं, एकीच्या अंगावर एक. प्रत्येक कमान म्हणजे शिंपल्याची एक शिंप, पाठ वर नि पोट खाली, ओट्यावर पालथ्या घातलेल्या वाटीसारखी. खाणीत नवा माणूस आला रे आला की हा त्याला दंडाला धरून शिळेपुढे उभा करायचा आणि धडा सुरू. समुद्राची लाट येते आणि जाते. शिंप उताणी पडली असेल तर लाट तिच्या पोटात शिरते आणि तिला उलटी करते. एकदा पालथी झाली, की मग लाट पाठीवरून घसरून जाते, शिंप जागची हलत नाही. म्हणून शिंप पालथी दिसली की त्या शिळेची वरची बाजू वर आहे असं समजायचं. शिंप पालथी तर दगड सरळ, हे त्याचं वाक्य. काळ्या दगडावरची रेघ. दगड पांढरट होता, ती गोष्ट वेगळी.

हे त्याला बापाकडून मिळालं होतं आणि बापाला त्याच्या बापाकडून. मिळालं तेवढ्यावर हा थांबला असता तर बरं झालं असतं, पण थांबणं याच्या स्वभावात नव्हतं. खाणीतला भोंगा दुपारी तरी बंद पडायचा, याचं तोंड नाही. बायको म्हणायची, यांच्याशी लग्न झालं तेव्हापासून घरात मी दोन वाक्यं बोलले असेन, तीही हे जेवत होते म्हणून.

ही बायको त्याच्याच कामावर होती. भिंत रचून झाली की दगडांमधल्या फटींत चुना भरायचा, त्याला दर्जा भरणं म्हणतात, ते काम तिचं. हात असा, की तिनं भरलेल्या दर्जात सुईसुद्धा अडकायची नाही. तो दगड बसवायचा आणि बोलायचा, ती दर्जा भरायची आणि ऐकायची. ऐकायची म्हणजे कान त्याच्याकडे असायचे, लक्ष चुन्याकडे. पालथ्या घड्यावर पाणी, असं तो तिला म्हणायचा. नाव तुमचं आणि घडा मी होय, असं ती एकदाच म्हणाली होती आणि त्यावर सगळी खाण आठवडाभर हसली.

आता खाणीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिळा तिच्या थरातून सुटी करण्याआधी तिच्या वरच्या अंगावर, एका कोपऱ्यात, छिन्नीनं गोल खळगा पाडायचा. त्याला टिकली म्हणत. दगड जसा झोपला होता तसाच तो भिंतीत ठेवायचा, ही जुन्या लोकांची शिस्त, आणि टिकली म्हणजे त्याची खूण. टिकली बुजली किंवा तुटली, तर ती शिळा पोरकी झाली. पोरकी शिळा भिंतीत लावायची नाही, तिची फरसबंदी करायची. मग तिच्यात शिंपा कितीही पालथ्या दिसोत. पालथे या रीतीला वरवर मान द्यायचा आणि मनात हसायचा. शिंपा स्वतःच्या तोंडानं वर काय नि खाली काय ते सांगत असताना खळगे कशाला पाडायचे? म्हातारे घाबरट होते, असं त्याचं मत होतं.

खाण संपली ती हळूहळू. खाली पाणी लागलं, पंप रात्रंदिवस चालवावे लागले, आणि चांगला दगड उरला तोही थोडाच. शेवटी पंप बंद करायचे ठरलं. खड्डा पाण्यानं भरणार, थर बुडणार. तेव्हा शहरातल्या संग्रहालयाच्या बाई आल्या. या बाई म्हणजे दगडांतल्या प्राण्यांवर शिकलेल्या, चष्मा कपाळावर आणि भिंग गळ्यात. गेली कित्येक वर्षं त्या खाणीवर यायच्या, पालथेच्या शेजारी दगडावर बसून चहा प्यायच्या, त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्यायच्या आणि आपलंही ऐकवायच्या. त्यांनी विचारलं, पाणी चढण्याआधी खाणीच्या तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थराची एकेक शिळा काढता येईल का? आणि त्या याच क्रमानं संग्रहालयाच्या मोठ्या दालनात भिंत म्हणून उभ्या करता येतील का?

त्या म्हणाल्या, “काका, शिळा तुम्ही काढायच्या, तुम्हीच लावायच्या, आणि लोक आले की तुम्हीच सांगायचं.”

पालथेला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानं हो. जन्मभर त्यानं काढलेला दगड दुसऱ्यांच्या घरांना गेला, बँकेच्या पायऱ्यांना गेला, कुणाच्या तरी न्हाणीघरात गेला. हा माझा, असं बोट दाखवावं असा एक दगड त्याच्याजवळ नव्हता. खाण बुडाल्यावर ती भिंतच काय ती उरणार होती. त्याच्या बापाचे, त्याचे, सगळ्यांचे कष्ट कशात गेले, ते तेवढ्या भिंतीवरून कळणार होतं. ती चुकता कामा नये, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि आपल्या हातून ती चुकेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नाही.

शिळा निघाल्या. तळची शिळा नुसत्या चुऱ्याची होती. किनाऱ्यावर लाटांनी कुटलेल्या शिंपल्यांचे तुकडे, पाण्यातल्या चुन्यानं एकमेकांना चिकटलेले. तिच्यावरची जाड, वजनदार शिंपांची. कमरेभर पाण्यात लाटांचा मार खायचा तर कवच जाडच लागतं. त्यावरच्या थराचा माथा कडक होता आणि त्यात बोटभर खोल भोकं होती. समुद्राचा तळ तिथं पाण्याखालीच दगड झाला होता आणि दगड पोखरणाऱ्या प्राण्यांनी त्यात घरं केली होती. त्याच्यावर एक पातळसा थर होता, बारीक चिखलाचा आणि नाजूक शिंपांचा, खाणीत एकाच कोपऱ्यात सापडणारा. त्याची धड अशी शिळा एकच निघाली. तिच्यावर परत लाटांचे, पालथ्या शिंपांचे थर, थेट गवताच्या मुळांपर्यंत.

करवतीवर त्याचा साडू होता. खाणीतला अव्वल करवतवाला आणि अव्वल थट्टेखोर. भिंतीसाठी शिळांची दर्शनी बाजू सारखी करायची होती. त्या नाजूक थराची शिळा कापताना कोपऱ्याचा एक तुकडा सुटला आणि करवतीखालच्या गाळात गेला. टिकली त्या तुकड्यावर होती. हा माणूस कधी कशाला गंभीर होत नसे, पण त्या दिवशी पालथेकडे आला तो टोपी हातात घेऊन. शिळा पोरकी झाली, म्हणाला. बाई गावाला गेल्या आहेत, त्या येईपर्यंत ती बाजूला ठेवू, त्या भिंगातून बघतील.

पालथेनं शिळेच्या कापलेल्या अंगावर नजर टाकली. करवतीचा गाळ वाळून सगळं अंग राखाडी झालं होतं, पण कमानी कळत होत्या. त्यानं शिळा फिरवायला लावली, कमानींची पाठ वर आणली, आणि दालनातल्या भिंतीत बसवली. साडू परत एकदा म्हणाला, रीत मोडू नये. पालथे म्हणाला, रीत अडाण्यांसाठी असते. बायको तिथेच चुना कालवत होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. वर आणखी तीन थर चढले.

खोटं कशाला बोला, भिंत देखणी झाली होती. दालनाच्या उंच खिडक्यांतून उजेड आला की ती उन्हात तापलेल्या वाळूसारखी दिसायची. उद्घाटनाला आठवडा होता. बायकोनं दर्जा भरून संपवला होता, अजून आत चुना ओलाच होता. सकाळी पालथे बादली आणि स्पंज घेऊन भिंत पुसायला गेला. तसं ते त्याचं काम नव्हे, पण स्वतःची भिंत स्वतःच्या हातानं धुवावी अशी हौस होती. दगड ओला झाला की त्यातलं सगळं उमटतं. तळापासून पुसत वर आला. चुरा, जाड शिंपा, भोकं. मग ती पातळ शिळा. तिच्यावरचा गाळ निघाला आणि पालथेचा हात थांबला.

त्या थरात सुट्या शिंपांबरोबर काही शिंपले मिटलेले होते, दोन्ही झडपा जोडलेल्या. बाईंनीच त्याला खाणीवर एकदा दाखवलं होतं, की असा मिटलेला शिंपला म्हणजे समुद्रानं ठेवलेली पाण्याची लेव्हल असते. प्राणी मरतो, फटीतून चिखल आत झिरपतो आणि पोकळीच्या तळाशी बसतो. वरची जागा रिकामी राहते, आणि मागाहून तिच्यात पांढरे स्फटिक वाढतात. म्हणजे खाली चिखल, वर स्फटिक, आणि मधली रेघ सरळ. गवंड्याच्या नळीतल्या पाण्यासारखी सरळ.

ओल्या शिळेत रेघ सरळच होती. पण स्फटिक खाली होते आणि चिखल वर.

पालथेनं दुसरा शिंपला बघितला, मग तिसरा. सगळ्यांचं तेच. चिखल काही छताला लटकत नाही. शिळा उलटी लागली होती, आणि ती त्यानं लावली होती.

तो बादली तिथेच ठेवून घरी आला आणि गप्प बसला. बायकोनं चहा दिला, तो पिऊन गप्प. जेवण झालं, गप्प. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला. मग समोर बसली आणि म्हणाली, “भिंत पडली का?”

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, रीत अडाण्यांसाठी असते हे वाक्यही परत उच्चारलं, कारण तेच डोक्यात घोळत होतं. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, की शिंपा खोटं कशा बोलल्या? पाठ तर वर होती ना?

बायको उठली. खिडकीत तिनं समुद्रावरून आणलेल्या चार-पाच शिंपा होत्या, साबणाच्या डबीत ठेवलेल्या. कपडे भिजवायची बादली रिकामी करून तिनं ती पाण्यानं भरली आणि एक शिंप वरून सोडली. शिंप डुलत डुलत खाली गेली आणि तळाशी उताणी बसली. दुसरी सोडली, तीही उताणी. पालथी धरून सोडली, तरी वाटेत उलटून उताणी. तो बघतच राहिला. मग त्यानं हात घालून पाणी ढवळलं, आणि शिंपा एकेक करून पालथ्या झाल्या आणि तशाच राहिल्या.

म्हणजे पालथी शिंप ही लाटेची सही होती. जिथं लाटच नाही, तिथं शिंप पाण्यातून जशी खाली येते तशीच निजते, पोट वर करून. तो पातळ थर शांत पाण्यातला होता, म्हणून चिखल इतका बारीक, म्हणून नाजूक शिंपा धड, म्हणून झडपा जोडलेल्या. जन्मभर त्यानं लाटांचे थर फोडले आणि समुद्र म्हणजे लाट असंच धरून चालला. म्हातारे घाबरट नव्हते. शिंपांवर नेहमी भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांना कुठेतरी ठेच लागून कळलं असणार, म्हणून त्यांनी टिकलीची रीत घातली.

“तुला हे ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“मला काय ठाऊक असणार,” बायको म्हणाली. “भांडी बुडवताना बघते रोज. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.”

साडूला कळलं तेव्हा त्यानं कान पकडले आणि सल्ला दिला, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार? येणारा माणूस शिंपले बघून छान छान म्हणेल आणि पुढच्या दालनात जाईल. बाईंच्या भिंगाला मात्र कळेल, पण बाई आपल्याच आहेत. पालथेला हे रात्रभर गोड वाटलं, खोटं नाही. भिंत उतरवायची म्हणजे वरचे तीन थर काढायचे. चुना अर्धा पकडलेला. ती शिळा मुळातच पातळ, पहार लावली की दोन तुकडे व्हायची भीती. दुसरी शिळा मिळणार नव्हती, तो कोपरा आता पुरुषभर पाण्याखाली होता. शिळा फुटली तर भिंत गेली आणि त्याबरोबर पालथेचं नावही.

सकाळी तो बाईंकडे गेला आणि उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला.

बाई भिंतीपाशी आल्या आणि भिंग लावून त्यांनी एकेक शिंपला बघितला. रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला. मग त्यांनी व्यवहाराचं सांगितलं. शिळा हलवायची जोखीम घेऊ नये. खाली एक पाटी लावू, हा थर बसवताना उलटा लागला आहे, मूळ स्थिती अशी होती. प्रामाणिकही होईल आणि दगडही वाचेल. अशा पाट्या मोठमोठ्या संग्रहालयांत असतात, त्यात कमीपणा नाही.

बाईंचं बोलणं बरोबर होतं. पालथेला तेही पटलं. पण त्याला हेही दिसत होतं, की भिंतीतला हा एकच थर वेगळा होता. खाली लाटा, वर लाटा, आणि मध्ये एवढाच समुद्र शांत झालेला. कदाचित शिंपल्यांचाच बांध समोर साठला असेल आणि त्याच्या मागे पाणी अडून थिजलं असेल, असं बाईच म्हणाल्या. तो थर उलटा ठेवला, की समुद्र कधी शांत झालाच नव्हता असं ती भिंत सांगणार. येणारा प्रत्येक माणूस तेच डोळ्यांत घेऊन जाणार. पाटी किती लोक वाचतात?

“बाई,” तो म्हणाला, “खोटं उभं करायचं आणि पायाशी माफी मागायची, हे मला नाही जमणार. मी काढतो. फुटली तर माझ्या हातानं फुटेल.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली ओढला. “काढा,” त्या म्हणाल्या. “पण मी इथेच बसणार.”

वरचे थर चेनपुलीला टांगून उतरवले. मग पालथेनं पहारीला हात लावला नाही. बायकोला बोलावलं. जिनं दर्जा भरला, तिलाच तो उकरता येतो. तिनं पातळ पट्टीनं फटीतला चुना खरवडायला घेतला, पाणी सोडत, पुन्हा खरवडत. साडू लाकडी पाचरी सरकवत होता आणि एकही विनोद करत नव्हता. पालथे शिळेखाली तळवे लावून बसला होता, आणि त्या दालनात एवढी शांतता होती, की चुन्याचा कण पडलेला ऐकू यायचा. तो दुपारभर एक शब्द बोलला नाही. हात मात्र स्थिर होते. हात कधी दगा देणार नाहीत ही त्याची खात्री तेवढी शाबूत होती.

शिळा सुटली. उचलली. फिरवताना, अगदी शेवटच्या क्षणी, टणकन आवाज झाला.

भेग कापलेल्या कोपऱ्यापासून निघून तिरपी आरपार गेली होती. दोन तुकडे. बाईंनी तोंडावर हात ठेवला. पालथेनं तुकडे वाळूच्या पोत्यावर ठेवले, बोटानं भेग चाचपली, आणि म्हणाला की कडा स्वच्छ आहेत, एकही शिंप गेलेली नाही. तुकडे जुळतात. लावू. साडूनं इतका वेळ धरलेला श्वास सोडला. बाईंनी विचारलं, दर्शनी बाजूला भेगेवर चुना आणि दगडाची पूड भरून ती लपवायची का. पालथेच्या बायकोला ते सहज जमलं असतं, तिनं पट्टी उचललीही होती. पालथेनं नको म्हणून मान हलवली.

उद्घाटनाच्या दिवशी दालन भरलं. नवीन शर्ट घालून पालथे भिंतीपुढे उभा राहिला आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. तळचा चुरा, लाटांनी कुटलेला. जाड शिंपा, पालथ्या, कमरेभर पाण्यातल्या. भोकं, पाण्याखाली दगड झालेल्या तळातली. आवाज मागच्या दारापर्यंत पोचत होता. लोक वाकून बघत होते, एक आजोबा तर जमिनीवरच बसले. मग तो त्या पातळ शिळेपाशी आला. आता तिच्यातल्या सगळ्या शिंपा वर तोंड करून होत्या, मांडून ठेवलेल्या वाट्यांसारख्या. मिटलेल्या शिंपल्यांत चिखल खाली होता आणि स्फटिक वर.

इथं तो क्षणभर थांबला. मागे उभ्या बायकोनं भुवया उंचावल्या.

“इथं समुद्र शांत होता,” पालथे म्हणाला. “मला हे माहीत नव्हतं. मी ही शिळा उलटी लावली होती, मग काढून सरळ केली.”

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शिळेवर तिरपी गेलेली रेघ दाखवून विचारलं, ही कशाची, त्या वेळच्या भूकंपाची का?

“नाही हो,” पालथे म्हणाला. “बाकी सगळं समुद्राचं आहे. एवढी भेग माझी.”

आणि तो वरच्या थराकडे वळला.